बद्द वाजलेलं चाक

मोटारीचं चाक म्हणजे जगातलं सर्वांत घाणेरडं भांडं, असं आई म्हणायची. भांडी घासण्यात जिचा हात धरणारी बाई आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हती तिनं हे म्हणावं, म्हणजे बघा. करपलेलं पातेलं भिजत घातलं की सकाळी सुटतं, कढईचा काळा थर राखेनं निघतो. पण ब्रेकची भुकटी, डांबर, ग्रीस आणि समुद्राची खारट हवा यांनी मिळून चाकावर जे पुट चढवलेलं असतं, त्याला राख पुरत नाही. ते आधी डिझेलनं भिजवायचं, मग साबणाच्या पाण्यानं घासायचं, मग रंग सुटायचं औषध लावायचं. औषध लागलं की जुना रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर येतो, तो पट्टीनं खरवडायचा आणि चाक पुन्हा धुवायचं. इतकं झाल्यावर खालून निघतो तो पांढरा लोणा. जुन्या भिंतीला लागतो तसा तो या ॲल्युमिनियमच्या चाकांनाही लागतो, आणि तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, असं घासत घासतच तो काढावा लागतो. चाकाला दांडे असतात, दांड्यांना कोपरे असतात, कोपऱ्यात मशीन जात नाही, बोटच जातं. ते बोट माझं असायचं.

आज मी जिथं बसून हे लिहिते आहे त्या खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. तरी ते दिवस आठवले की खांद्यापासून मनगटापर्यंत हात जड होतो आणि नको ते लिहिणं असं वाटतं. लोक तरुणपणाबद्दल लिहिताना उत्साहाबद्दल लिहितात. माझ्या तरुणपणात मला आठवतो तो कंटाळा, आणि कंटाळ्याच्याही पलीकडचा एक थकवा, जो झोपून उठलं तरी अंगातच असायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरकडच्या फौंड्रीत ओतकाम शिकलेले. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींची नवी चाकं ओतायचा कारखाना होता, तिथं कुणाच्या तरी ओळखीनं लागले आणि आम्हा दोघींना घेऊन इकडे आले. पुढे कारखान्यानं कंत्राटी माणसं कमी केली. बरोबरचे सगळे गावाकडे परतले. अण्णा परतले नाहीत. "रिकाम्या हातानं गावात कोन जाईल?" म्हणाले, आणि पुदुपेट्टैत, जिथं जुन्या मोटारींचे सुटे भाग रस्त्यावर मांडून विकतात, तिथं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. नवी चाकं ओतणारा माणूस जुनी चाकं घासायला बसला. आमच्याकडे चाक यायचं ते मळकं, वाकडं, खड्ड्यात आपटून दबलेलं. आम्ही ते साफ करून, सरळ करून, चिरा असतील तर अर्गॉनचं वेल्डिंग करवून रंगाला पाठवायचो. रंग दुसरा माणूस भट्टीत लावायचा आणि कौतुक त्याचं व्हायचं. चाक चकाकतं तेव्हा खाली कुणाची बोटं झिजलीत ते कोण बघतो!

त्यांना अण्णा म्हणण्याचीही तिथं गंमतच होती. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. शेजारच्या बायका आईला कौतुकानं विचारायच्या, "तुमच्या मुलीचा भाऊ बराच मोठा दिसतो हो!" आई कपाळावर हात मारायची आणि तिच्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये नातं समजावून सांगायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न.

आम्ही राहायचो तिरुवल्लिकेणीत, एका जुन्या घराच्या माडीवर, दोन खोल्यांत. समोर एकट्या पुरुषांना भाड्यानं खोल्या देणारं मॅन्शन होतं. खोली खोलीला एक बनियन वाळत घातलेला आणि एक रेडिओ, आणि प्रत्येक रेडिओ वेगळं बोलायचा. पहाटे देवळातली घंटा, मग पाण्याची लॉरी, मग तिच्याभोवतीचा घागरींचा खडखडाट आणि बायकांची भांडणं, मग बसचे भोंगे. आई या सगळ्यात भाकऱ्या थापायची. ज्वारी मनासारखी मिळायची नाही म्हणून नाचणीच्या. त्याबरोबर पिठलं, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या अम्मांनी दिलेलं सांबार, आणि भाकरी सांबारात बुडवताना अण्णांचं ठरलेलं वाक्य, "वरण रुसून बसलंय जनू." मग आम्ही दोघं चालत शेडवर. आई मागाहून डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत थांबायची, कारण धुण्याचं काम तिचं होतं.

आता अण्णांच्या कानाबद्दल सांगते. चाकाला चीर असली तर ती नेहमी दिसतेच असं नाही. केसासारखी असते, आतल्या बाजूला असते, घाण निघाली तरी डोळ्याला सापडत नाही. अण्णा चाक आकड्याला टांगायचे आणि बाभळीच्या लाकडाच्या लहानशा मोगरीनं त्याच्या कडेवर फिरत फिरत ठोके द्यायचे. धड चाक खण्णकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ हवेत राहतो. चिरलेलं चाक बद्द वाजतं. आई बाजारात माठ घेताना करते तेच हे. पण माठ फुटला तर पाणी सांडतं. चाक फुटलं तर काय होतं ते अण्णा बोलायचे नाहीत. पुदुपेट्टैत अण्णांच्या कानाचं नाव होतं. दुसऱ्यांची गिऱ्हाइकंसुद्धा चाक घेऊन यायची, "मराठीकाराला ऐकवा एकदा," म्हणायची, आणि अण्णा मान कलती करून, डोळे मिटून, ठोका द्यायचे. ते डोळे मिटले की शेजारचा पंक्चरवालासुद्धा हातातलं काम थांबवायचा.

फौंड्रीत दुसरीही एक रीत होती, तीही त्यांनी मला सांगितली होती. चाकाला एका बाजूनं खडूची पातळ पेज लावून वाळवायची आणि दुसऱ्या बाजूनं रॉकेल फासायचं. चीर आरपार असली तर रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. "पन त्याला लई येळ जातो," अण्णा म्हणायचे, "आनि ते काम ज्याला कान न्हाईत त्याचं. आपल्याला देवानं कान दिल्यात." असं म्हणून हसायचे. आपल्या कानाचा त्यांना फार अभिमान होता.

ग्राइंडर सुरू करताना ते मला कानात कापूस घालायला लावायचे, आणि कापूस नसेल तर मशीन बंद. स्वतः कधी घातला नाही. "मी कान बांधले तर चाक कुनी ऐकायचं?" हे उत्तर इतकं बरोबर वाटायचं की कुणी पुढे बोललं नाही. त्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ग्राइंडरची किंचाळी पत्र्यावर आपटून परत यायची, आणि अण्णा कान उघडे ठेवून तिच्यात बसलेले असायचे.

ते हाकेला ओ देईनासे झाले, तेव्हा मला वाटलं माणूस चिडका झालाय. काही विचारलं की "हां हां" म्हणायचे आणि भलतंच करायचे. मी पाना मागितला तर पाणी द्यायचे आणि वर मलाच म्हणायचे, "तोंडात बोलू नकोस, नंदा." घरी आई त्यांच्याशी बोलायला नेहमी समोर जाऊन उभी राहायची. कितीही घाईत असली तरी मागून कधी बोलायची नाही. ही तिची नवी सवय मी पाहिली होती, पण पाहून सोडून दिली. थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं काही पाहायचं नसतं.

शिवाय माझं मन तिथं नव्हतंच. पुण्यातल्या मावशीनं तिच्या ओळखीच्या एका वाचनालयात माझ्यासाठी शब्द टाकला होता. दिवसा वाचनालयात काम, संध्याकाळी कॉलेज. मावशी फोनवर म्हणाली होती, "इथं मोठ्यानं बोललं तर लोक वळून बघतात बाई." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जिथं मोठ्यानं बोलायचं नाही अशी जागा जगात आहे आणि तिथं बसण्याचे पैसे मिळतात, हे मला देवाघरच्या बातमीसारखं वाटलं. अण्णा एवढंच म्हणाले, "जा की. हितं काय सोन्याची चाकं हैत?" दसऱ्यानंतरच्या आठवड्यातलं तिकीट काढून झालं. मी चाकं घासत होते ती एकेक चाक पुण्याच्या जवळ सरकत.

त्या नवरात्रात स्वामीरावकाकांची चाकं आली. स्वामीरावकाका अड्यारला राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकून पहिल्यांदा मला कुणी पोथी वाचतंय असं वाटलं होतं, तीही तमिळ हेलात. "बरें आहांत की?" असं विचारत ते शेडमध्ये यायचे, पायातल्या चपला बाहेर काढून, जणू देऊळच आहे. मुलगा परदेशी गेला तेव्हा आपली गाडी बापाला देऊन गेला. तिची नक्षीची चाकं मुलाच्या फार आवडीची, पण अड्यारच्या समुद्राच्या वाऱ्यानं त्यांवर लोणा चढला होता आणि एक चाक आतल्या कडेला दबलेलं होतं. आता मुलगा सुट्टीवर येणार होता, बायकोला आणि लहान लेकीला घेऊन. त्याच गाडीनं सगळ्यांनी तंजावरला कुलदेवाला जायचं ठरलं होतं. "पोराला गाडी नवी दिसली पाहिजे," काका म्हणाले. "तो म्हणूं नये, अप्पांनी गाडी सांभाळली नाहीं." हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की त्या मुलाचा मला राग यायला लागला.

ती चाकं मीच घासली. दबलेली कड अण्णांनी गॅसच्या ज्योतीनं तापवून, लाकडाच्या ठोकळ्यावर हळूहळू ठोकून सरळ केली. काम सुरेख झालं. चाक फिरवलं तर कुठं लचकत नव्हतं.

आयुधपूजेच्या दिवशी तिकडे हत्याराला हात लावत नाहीत. आपल्याकडची खंडेनवमी, पण थाट त्यांचा. सकाळी अण्णांनी शेवटचे ठोके देऊन काकांची चारही चाकं "खणखणीत" म्हणून बाजूला काढली, आणि मग ग्राइंडर, पाने, ब्रश, गॅसची नळकांडी, मोगरी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. प्रत्येकाला चंदन आणि कुंकू. आईनं शेडच्या दाराशी कोलम काढला. तिच्या रांगोळीला शेजारणी हसायच्या, त्यामुळे आता ती त्यांच्यासारखा ठिपक्यांचा काढायची. पंक्चरवाल्यानं कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडला, सगळीकडून चुरमुरे आणि सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आलं. आपलंही काही द्यावं म्हणून आई दरवर्षी शेडमधल्या चहाच्या स्टोव्हवर तिखटमिठाच्या पुऱ्या तळायची. तिचं लाटणं मात्र कधी पूजेत गेलं नाही. "माझं हत्यार झोपलं तर तुम्ही सगळे उपाशी," ती म्हणायची.

दुपारी रंगवाल्याचा टेम्पो येणार होता. विजयादशमीच्या सकाळी त्याला भट्टीत पहिला माल मुहूर्तावर घालायचा होता. स्वामीरावकाकाही आले होते, पांढरं स्वच्छ धोतर नेसून, चाकांना स्वतःच्या हातानं कुंकू लावायला. टेम्पो आला, त्याला दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले. मी एकेक चाक गडगडत दाराशी नेऊ लागले. तिसरं चाक उंबऱ्याच्या दगडाला आपटलं आणि बद्द वाजलं.

मी उभीच राहिले. त्या दिवशी कुठलंच मशीन चालू नव्हतं, माझ्या कानात कापूस नव्हता, आणि वर्षातून एकदाच असते तशी शांतता पुदुपेट्टैवर होती. मी चाक पुन्हा हळूच आपटलं. बद्द. शेजारचं आपटलं, ते खण्णकन बोललं. मी अण्णांकडे पाहिलं. ते अगदी दोन हातांवर, माझ्याकडे पाठ करून, टेम्पोवाल्याला पुऱ्या देत होते. मोगरी पडली तरी ज्या माणसाची मान वळायची, त्याची मान वळली नाही. आईची नवी सवय, पाना आणि पाणी, "तोंडात बोलू नकोस", सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

मला काय वाटलं ते इथं लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मला आधी पुणं दिसलं. मी बोलले तर चाक वाचेल, पण मग सगळ्यांना कळेल की अण्णांना ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येत नाही अशा मराठीकाराकडे चाक कोण आणणार? कोणाचे तरी कान लागणार, आणि घरात धड कान माझेच होते. ते अण्णांनीच कापूस घालून जपलेले. मी बोलले की मी या शेडची झाले. आणि नाही बोलले तर, एकदा रंग बसला की चीर झाकली जाणार, मग ती लहान मुलगी मागच्या सीटवर बसून तंजावरला निघणार. मला इतका थकवा आला की तिथंच उंबऱ्यावर बसावंसं वाटलं. मग मी मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, हे चाक बद्द वाजतंय."

ते वळले नाहीत. आईनं त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना माझ्याकडे वळवलं. मी पुन्हा म्हणाले.

"बद्द? कुठलं बद्द?" अण्णा आले. मी मोगरीकडे पाहिलं तर ते कडाडले, "पूजेतल्या हत्याराला हात लावायचा न्हाई!" मग आईनं पिठाचं लाटणं पुसलं आणि पुढे केलं. अण्णांनी चाक डाव्या हातावर तोललं, मान कलती केली, डोळे मिटले आणि लाटण्यानं ठोका दिला. बद्द. टेम्पोवाल्यानंसुद्धा माझ्याकडे पाहिलं.

"खणखणीत हाय," अण्णा म्हणाले. "सकाळी ऐकलंय मी."

"अण्णा, नाही हो."

"तू मला शिकवतीस? अगं, तू जलमली न्हवतीस तवापासनं ऐकतोय मी!"

स्वामीरावकाका चाचरत म्हणाले, "परवाइल्लै, परवाइल्लै, असूं द्या, पूजेच्या दिवशीं भांडण नको. ते सांगतात तर बरेंच असेल." त्यांना आवाज कळला होता की नव्हता कोण जाणे, पण अण्णांचा मान राखायचा म्हणून ते स्वतःच्या नातीला त्या चाकावर बसवायला निघाले होते. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. सगळ्या पुदुपेट्टैसमोर बापाला बहिरा म्हणायचं कसं?

आई स्टोव्हपाशी गेली, बाटलीतलं रॉकेल एका वाटीत ओतलं. दाराशी कोलमच्या भुकटीचा डबा होता, त्यातली मूठभर पाण्यात कालवली. चाक तिनं अण्णांच्या हातातून काढून घेतलं, भांडं घ्यावं तसं, आणि कडेला बाहेरून ती पांढरी पेज फासून उन्हात ठेवलं. पेज वाळली तशी आतून चिंधीनं रॉकेल लावलं. यातलं काहीच हत्यार नव्हतं. रॉकेल स्टोव्हचं, पीठ उंबऱ्याचं. अण्णा बघत राहिले. "ज्याला कान न्हाईत त्याचं काम" त्यांची बायको त्यांच्यासमोर करत होती, आणि कुठलाही आव न आणता करत होती.

रॉकेलला वेळ लागतो. तेवढ्यात आईनं टेम्पोवाल्याला आणि काकांना पुन्हा पुऱ्या वाढल्या. कुणीही चवीनं खाल्लं नाही. मी मनात म्हणत होते, रेघ उमटू नये. खरंच सांगते, उमटू नये असंच म्हणत होते. अण्णांचं खरं निघो, माझे कान खोटे निघोत, आणि मी आठवड्यानं गाडीत बसावं.

रेघ उमटली. आधी ओलसर डाग दिसला, मग तो लांबला, आणि अण्णांनी जिथं कड सरळ केली होती तिथं करंगळीएवढी काळी रेघ स्पष्ट दिसू लागली. चीर आधीच होती की ठोकताना पडली ते देवालाच ठाऊक. अण्णा उकिडवे बसले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, मग बोटाचा वास घेतला. मग त्यांनी लाटणं उचललं, पुन्हा एक ठोका दिला, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. ते आईकडे बघत होते. आईनं अगदी हळू मान हलवली. मला तेव्हा कळलं की तिला कधीचं ठाऊक होतं.

"काका," अण्णा स्वामीरावांना म्हणाले, आणि त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा आला, "हे चाक जायाचं न्हाई. चुकलं माझं. मला ऐकू आलं न्हाई."

स्वामीरावकाकांनी दोन्ही हात जोडले. माणूस इतका भला की त्यांनाच लाज वाटली. ते चपला न घालताच रस्त्यापर्यंत गेले. टेम्पो तीन चाकं घेऊन गेला. चिरलेलं चाक दाराशी, कोलमशेजारी, पांढरं फटफटीत पडून राहिलं.

त्या संध्याकाळी घरी कुणी जेवलं नाही. मी ट्रंकेत भरलेले कपडे बाहेर काढले आणि खुंटीला लावले. कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायला काय हवं होतं? आई बघत होती, तीही नको म्हणाली नाही. समोरच्या मॅन्शनमधले रेडिओ नेहमीसारखे कोकलत होते आणि अण्णा खिडकीत पाठमोरे बसले होते, आणि त्यांना त्यातलं किती ऐकू येत असेल याचा मी पहिल्यांदाच विचार केला. रडू आलं ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते मला आजही सांगता येणार नाही.

विजयादशमीला सकाळी पूजा उचलायची असते. मी आंघोळ करून आले तर अण्णा आधीच गेलेले. शेडवर पोचले तेव्हा ते दारात बसले होते आणि त्यांच्याशेजारी कोलमच्या भुकटीचं पोतं होतं, अख्खं पोतं, आणि रॉकेलचा डबा. मोगरी पाटावरच होती. त्यांनी तिचं चंदनसुद्धा पुसलं नव्हतं.

"आजपासनं असं करायचं," ते म्हणाले. "कानानं न्हाई, डोळ्यानं. येळ लागंल, लागू दे. तुझी आई हाय की."

"मी आहे ना अण्णा. मी ऐकेन."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. समजायला त्यांना जरा वेळ लागला. मग म्हणाले, "त्यासाठी कापूस घातला न्हवता तुझ्या कानात." एवढं बोलून ते उठले आणि पोत्याचं तोंड उसवायला लागले. मी खूप वेळ तिथं उभी होते, आणि त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मी कपडे परत ट्रंकेत भरले.

ते दोघं पुढे कित्येक वर्षं तसंच काम करत राहिले. जिथं चार ठोके पुरायचे तिथं अर्धा दिवस जायचा, गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे वळायची, आईचे हात त्या पांढऱ्या पेजेनं फाटायचे. मी पैसे पाठवायचे, ते पुरायचे नाहीत हेही मला ठाऊक असायचं. अण्णा गेले तेव्हा शेड आधीच बंद झालेली होती. मोगरी माझ्याकडे आहे. मी ती कधी वाजवून पाहिली नाही.

मी पुण्याला निघाले त्या दिवशी मला पोचवायला सेंट्रल स्टेशनवर दोघं आले होते. आई डब्यात चढून माझी जागा, माझी ट्रंक, शेजारची बाई, सगळं तपासून उतरली आणि पाण्याची बाटली आणायला गेली. अण्णा माझ्या खिडकीशी, गजाला धरून उभे. फलाटावर इतका गोंगाट होता की बोलून उपयोग नव्हता. तेवढ्यात लांब दांड्याची हातोडी घेतलेला रेल्वेचा एक माणूस खाली वाकत वाकत, गाडीच्या चाकांना ठोके देत आमच्या डब्याकडे आला. अण्णांनी त्याला पाहिलं आणि सवयीनं त्यांची मान कलती झाली, डोळे मिटले. मग त्यांनी ते उघडले. त्या माणसानं माझ्या खिडकीखालच्या चाकाला ठोका दिला, आणि अण्णांनी मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

भोंग्यावर तीन भाषांत गाड्यांची नावं चालली होती, हमाल ओरडत होते, पलीकडच्या फलाटावर इंजिन घुमत होतं. मला त्या ठोक्याचा आवाज अजिबात ऐकू आला नव्हता. ते वाट बघत होते.

"खणखणीत आहे, अण्णा," मी ओठ मोठे करून म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि गजावरचा हात काढून घेतला.